८२ सेंटिमीटरवरची पुडी

"हाई काय शे सर?" आमच्या शहाद्याच्या ड्रायव्हरनं विचारलं, म्हणून मी वाकून बघितलं. कोअरर म्हणजे चिखलात खुपसून खालचे थर जसेच्या तसे वर काढायचं अवजार. त्याच्या अर्ध्या नळीत काळाभोर गाळ होता, आणि बरोब्बर ८२ सेंटिमीटरवर त्यात एक रुपेरी कपटा चमकत होता. मी चिमट्यानं ओढला.

"हाई ते गुटखानी पुडी शे!"

त्याला फार आनंद झाला. मला अजिबात नाही. पाच मिनिटांपूर्वीच मी दोन विद्यार्थ्यांना ऐटीत सांगितलं होतं, की या खोलीवरचा गाळ शिवाजी महाराजांच्याही आधीचा असेल.

आम्ही अंधारातच शहादा सोडलं होतं. घाट चढून तोरणमाळच्या बाजूच्या पठारावर पोचलो तेव्हा पळस फुलायला लागलेला दिसला. एका पाड्याच्या खाली झरा आहे, उन्हाळ्यातही आटत नाही, त्याच्या पाझरानं बिघाभर जागा कायम ओली राहते, एवढी माहिती एका विद्यार्थ्यानं काढली होती. मला तेवढंच हवं होतं.

पीएच.डी.ला मी निलगिरीत होतो. तिथल्या खोलगट दऱ्यांत खरी पीट आहे: पाणी साचलेलं, खाली हवा पोचत नाही, त्यामुळे पालापाचोळा धड कुजतच नाही. थरावर थर बसत जातात. वर्षाला जेमतेम मिलिमीटर, बऱ्याचदा त्याहूनही कमी. त्या निलगिरीच्या पीटमधल्या कार्बनवरून सुमारे २० हजार वर्षांचा पावसाचा हिशेब लागला आहे. उष्ण, कोरड्या रानातलं गवत आणि ओल्या रानातली झाडं हवेतला कार्बन वेगवेगळ्या तऱ्हेनं घेतात, आणि मेल्यावरही तो फरक चिखलात शिल्लक राहतो. हिमयुगाच्या ऐन कोरड्या काळात तिथं गवताचं राज्य होतं. साधारण १० हजार वर्षांपूर्वी पाऊस वाढला आणि झाडं पुढे सरकली.

सातपुड्यात असली पीट नाही. बेसाल्टचा डोंगर, चार महिने पाऊस आणि आठ महिने ऊन, पाचोळा टिकणार कसा? पण झऱ्याखालच्या चिखलात परागकण तरी टिकतील आणि त्यांवरून पूर्वी इथं कुठली झाडं-गवतं होती ते कळेल, अशी आशा होती. परागकणाचं कवच भलतंच चिवट असतं. प्रयोगशाळेत वाळू विरघळवायला आम्ही हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतो, त्यात काचही विरघळते, पण हे कवच तसंच्या तसं बाहेर येतं.

आणि एक जुनं खूळ. चाळीसगावजवळच्या पाटण्याला १९७०च्या दशकातल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे. खान्देशात शहामृग! म्हणजे मोकळं, कोरडं माळरान असणार. मीटरभर चिखल तिथवर नेणार नाही हे मला कळतं, पण कुठून तरी सुरुवात करायला हवी होती.

तर, पुडी. आधी वाटलं, वरचा कचरा नळीबरोबर खाली गेला असेल. पण आमचा कोअरर खाली जाताना बंद असतो. हव्या त्या खोलीवर फिरवला की मगच उघडून गाळ कापून घेतो. दहा पावलांवर पुन्हा टोचलं. या वेळी ७० सेंटिमीटरवर लाल मुरमाची ढेकळं, काळ्या गाळात कालवलेली. ओळीनं लागलेली पानं नव्हती ही, कुणीतरी ढवळलेलं पिठलं होतं. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ची, पण पुड्या आजही मिळतात, त्यामुळे त्या पुडीवरून तारीखही धड निघेना.

पाड्यावरचे एक आजोबा केव्हाचे दगडावर बसून बघत होते. शेवटी म्हणाले, "तिथं काय काढता? तिथला माल तर गेला."

"कुठं गेला, बाबा?"

त्यांनी हनुवटीनंच वरचं शेत दाखवलं. तीन उन्हाळ्यांपूर्वी गुरांच्या पाण्यासाठी जेसीबी लावून इथलं डबकं खोल केलं होतं. काळा गाळ ट्रॅक्टरनं शेतांत गेला, उरलंसुरलं पुन्हा खड्ड्यात लोटलं. "मका असा झाला," म्हणत त्यांनी डोक्याच्या वर हात नेला.

मला राग यायला हवा होता. हजार-दोन हजार वर्षांचं दप्तर मक्याच्या मुळाशी गेलं होतं. पण त्या मुरमाड शेतात खत म्हणून दुसरं काय घालणार होते ते? मी नुसताच हसलो. ते म्हणाले, "सगळं नाही गेलं. वाघदेवाजवळ मशीन नेऊ दिलं नाही."

उंबराखाली शेंदूर लावलेला दगड होता आणि त्याच्या अलीकडे चटईएवढी ओली जागा. आजोबांनी नारळ मागितला. आमच्याकडे नव्हता, ड्रायव्हर पाड्यावर जाऊन घेऊन आला. नारळ फुटला, मग मुठीवर जोर दिला. इथं नळी सावकाश, एकाच चालीनं आत गेली. वर तपकिरी मुळं, मग काळं, मग राखाडी चिकण, आणि मध्ये कोळशाची सुईसारखी बारीक रेघ. ९६ सेंटिमीटरवर टोक मुरमाला टेकलं.

आजोबांनी त्या रेघेवर बोट धरलं. "जाळलेलं रान," ते म्हणाले. मी हेच तीन वाक्यांत सांगणार होतो.

गाळ प्लास्टिकच्या अर्ध्या पाइपात ठेवून, पातळ फिल्म गुंडाळून, वरची बाजू कुठली ते तीन ठिकाणी लिहिलं. (एकदा निलगिरीत हे लिहायचं राहिलं होतं. चार महिने वाया.) आता वरून खाली परागकण मोजत जायचं आणि मका कुठं थांबतो ते बघायचं. मका अमेरिकेतून इकडं आला तो १५०० नंतरच, आणि त्याचा कण इतर गवतांपेक्षा इतका मोठा असतो की सूक्ष्मदर्शकाखाली लपत नाही. कोळशाची रेघ वय काढायला कार्बन-१४ चाचणीसाठी पाठवू.

सामान जीपमध्ये भरताना आजोबा पहिल्या, बिघडलेल्या नळ्यांतल्या गाळाच्या ढिगापाशी उभे होते. "हे नेता की टाकता?"

"टाकतो."

ते घरून घमेलं घेऊन आले. मिरचीच्या रोपांना घालणार म्हणाले. मी त्यातले प्लास्टिकचे कपटे वेचून दिले.