सहा पट्ट्यांचा झेंडा शिवताना

शाळेत घोकलेलं ‘तानापिहिनिपाजा’ डोक्यात पक्कं बसलेलं असतं, म्हणून प्राइडचा, म्हणजे समलिंगी, ट्रान्सजेंडर वगैरे LGBTQ समुदायाचा झेंडा घरी करायचा म्हटला की हमखास सात रंगांचं कापड आणलं जातं. या झेंड्यात पारवा नाही. वरून खाली तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा, बस्स. सात पट्ट्या, त्यातही जांभळा वर आणि मधोमध ‘PACE’ (पाचे, म्हणजे शांती) असा शब्द दिसला, तर तो इटलीतला शांततेचा झेंडा समजावा.

मुळात मात्र पट्ट्या आठ होत्या. गिल्बर्ट बेकर, लिन सेगरब्लॉम, जेम्स मॅकनमारा आणि तीसेक स्वयंसेवकांनी सॅन फ्रान्सिस्कोत पांढरं सुती कापड कचऱ्याच्या मोठाल्या डब्यांत बुडवून हातानं रंगवलं. त्यातून शिवलेले ३० बाय ६० फुटांचे दोन झेंडे २५ जून १९७८ ला फडकले. रंगांना अर्थही होते: गडद गुलाबी म्हणजे लैंगिकता, तांबडा जीवन, नारिंगी बरं होणं, पिवळा ऊन, हिरवा निसर्ग, फिरोजी जादू, पारवा शांती, जांभळा चैतन्य. त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला शहरातले उघडपणे समलिंगी असलेले लोकप्रतिनिधी हार्वे मिल्क यांची हत्या झाली आणि झेंड्यांना एकदम मागणी आली. गडद गुलाबी कापड बाजारात सहज मिळेना, तो रंग गळला. १९७९ मध्ये तिथल्याच मार्केट स्ट्रीटवर खांबांना झेंडे उभे लावायचे तर मधली पट्टी खांबाआड जाऊ नये म्हणून समसंख्या हवी, त्यात फिरोजीही गेला. पारव्याच्या जागी साधा निळा आला. अर्थ कितीही उदात्त असोत, शेवटचा शब्द कापडाचा आणि खांबाचा.

प्राइडला जून महिनाच का, तर न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल इन या समलिंगींच्या बारवर २८ जून १९६९ ला पोलिसांची धाड पडली, लोकांनी प्रतिकार केला आणि १९७० मध्ये त्याच तारखेला मोर्चा निघाला. मूळ मोर्चाचंच आहे, मिरवणुकीचा थाट नंतरचा. आपल्याकडे कोलकात्यात २ जुलै १९९९ ला अशा मोर्चात जेमतेम पंधरा जण चालले. मुंबईत १६ ऑगस्ट २००८ ला ऑगस्ट क्रांती मैदानाशी नातं जोडून लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ लागू होतं. संमतीनं एकत्र येणाऱ्या प्रौढांवरची त्याची टांगती तलवार ६ सप्टेंबर २०१८ ला गेली.

आता कात्री. मॅचिंग सेंटरमध्ये सहाही रंगांचं पॉपलिन मिळतं. आधी पन्हा मोजायला सांगा. पन्हा ४४ इंच असेल तर प्रत्येक रंगाचं पाव मीटर पुरतं; ६० बाय १०० सेंमीचा झेंडा होतो. तयार पट्टी १० सेंमीची. मधल्या चार पट्ट्या १२ सेंमी रुंद कापायच्या, दोन्ही बाजूंना एकेक सेंमी शिवणीत जातं. तांबडी आणि जांभळी १३ सेंमी, कारण बाहेरच्या कडेला दुहेरी दुमड लागते. लांबी १०७ सेंमी: काठी घालायच्या नेफ्याला ५, फडकत्या कडेच्या दुमडीला २.

तांबडं कापड रंग सोडतं. शिवायच्या आधी ते वेगळं भिजवा, पाणी नितळ येईपर्यंत. हे टाळलं तर पहिल्याच सरीत खालची नारिंगी डागाळते. सॅटिन चमकतं छान, पण मशीनखाली इतकं सरकतं की नवख्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

सगळ्या शिवणी एकाच टोकापासून मारल्या की वरचं कापड दर वेळी जरासं पुढे सरकतं आणि झेंडा केळ्यासारखा वाकतो. एक शिवण काठीकडून, पुढची फडकत्या कडेकडून मारा. आतल्या दोन कडांपैकी एक अर्धा सेंमी कापा, दुसरी तिच्यावर दुमडून पुन्हा शिलाई घाला, म्हणजे मागून दोरे निघत नाहीत. विरतो तो आधी फडकता कोपरा; तिथे तीन ओळी शिलाई हवी.

उभा टांगायचा तर बघणाऱ्याच्या डावीकडे तांबडा.

डॅनियल क्वेझार यांनी २०१८ मध्ये या सहारंगी झेंड्याला काठीच्या बाजूला बाण जोडला. टोकाकडून काठीकडे येताना काळा, तपकिरी, फिकट निळा, गुलाबी, पांढरा. ही तिरकी कापणी फसवी असते: कापड उरेबात ताणलं जातं आणि बाणाचं टोक वाकडं होतं. पट्ट्यांत जोड देत बसू नका. सहा रंगांचा झेंडा पूर्ण करून, मागे फ्युजिंग (इस्त्रीनं चिकटणारं अस्तर) लावलेले त्रिकोण मोठ्यापासून लहानापर्यंत वर चढवा, आणि प्रत्येक थर शिवला की खालचं झाकलं गेलेलं कापड मागून कापून टाका. नाहीतर नेफ्याजवळ पाच-सहा थर साचतात आणि सुई मोडते.

मशीनवर हात बसला नसेल तर ट्रान्सजेंडर लोकांच्या झेंड्यापासून सुरुवात करावी. मोनिका हेल्म्स यांनी १९९९ मध्ये तो केला: फिकट निळा, गुलाबी, पांढरा, गुलाबी, फिकट निळा, अशा पाच सारख्या पट्ट्या. ६० सेंमी उंचीला प्रत्येकी १२. रंग तीनच, आणि गडबडीत उलटा लागला तरी सुलटाच दिसतो. त्यांनी तो मुद्दामच तसा आखलाय.