पाच सूत म्हणजे सोळा एमएम नव्हे: बॅन्डसॉचा कपलर, तिसरा नग

बॅन्डसॉचा (पट्टा करवतीचा) कपलर, म्हणजे मोटरचा शाफ्ट आणि करवतीचा शाफ्ट जोडणारा तुकडा, अखेर नीट चालायला लागला. गेल्या तीन आठवड्यांत त्यावर अकरा तास काम झालं, त्यातले चार तास पेठकडचं जाड सागवान फाडण्यात गेले. काल उघडून पाहिला, मधली चकती कोरीच्या कोरी आहे. आधीच्या दोन नगांचं काय झालं ते सविस्तर सांगतो, कारण अशी मशिनं बाळगणाऱ्या सगळ्यांनाच हे कधी ना कधी करावं लागणार आहे.

हान्स गोल्डश्मिटचं शॉपस्मिथ 1947 मध्ये अमेरिकेत बाजारात आलं. दोन नळ्यांवर मोटरचं एकच डोकं सरकवायचं आणि त्याच्याकडूनच करवत, लेथ, ड्रिल, सॅन्डर अशी कामं करून घ्यायची, ही त्यामागची कल्पना. माझं मशीन त्याच धाटणीचं आहे. जुनं घेतलेलं, नेमप्लेट नसलेलं. बॅन्डसॉ शेजारी बसतो आणि डोक्याच्या शाफ्टवरून कपलरने फिरतो. जोडकाम रोज बदलायचं असतं, म्हणून कपलर पाना न लावता नुसता सरकवून सुटायला हवा. खरी मेख इथेच आहे.

पहिला नग मे महिन्यात केला. हब (दोन्ही शाफ्टांवर बसणारे गोल तुकडे) ॲल्युमिनियमचे, त्यांच्या दातांमध्ये नायलॉनचा स्टार, म्हणजे चांदणीसारखा तुकडा. मे-जूनमध्ये सुरेख चालला. जुलैत पाऊस लागला आणि एका सकाळी तो सुटेचना, शेवटी लाकडी हातोडीने ठोकून काढला. नायलॉन 6 पाणी पितं. पूर्ण मुरलं तर वजनाच्या नऊ टक्क्यांच्या आसपास. माझ्या स्टारचा दात 14 एमएम रुंद होता आणि फट ठेवली होती 0.1. दात एक टक्का जरी फुगला तरी 0.14 होतात. नाशिकच्या पावसात नायलॉन घट्ट बसवू नका.

दुसऱ्या नगाने मात्र मला खूप दिवस फसवलं. सातपूरच्या एका गाळ्यात नवे हब करून घेतले, स्टार पीयूचा (पॉलियुरेथेन, रबरासारखं चिवट प्लास्टिक) घातला. पहिल्याच दिवशी करवतीचं टेबल थरथरायला लागलं आणि दोन तासांत स्टारच्या कडेने पिवळा चुरा निघाला. मी पीयूला दोष देत राहिलो, जास्त कडक माल आणला, तरी तेच. मग एका रविवारी डायल गेज (बारीकशी हालचालही काट्याने दाखवणारं माप) लावलं. हब हाताने सावकाश फिरवला, तर काटा बारा-तेरा घरं (एक घर 0.01 एमएम) पुढे जाऊन परत आला. रिकाम्या शाफ्टवर तोच काटा जेमतेम एक घर हलत होता.

म्हणजे शाफ्ट सरळ होता आणि हब वाकडा बसत होता. शाफ्ट 5/8 इंची, मी टर्नरकाकांना सांगितलं होतं "पाच सूत" (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). त्यांना विचारायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, पाच सूत म्हणजे आम्ही सोळाच धरतो." पाच सूत म्हणजे 15.875. बोअर (हबचं मधलं भोक) सोळाचा झाला की 0.125 ची फट राहते. ग्रब स्क्रू (हबला शाफ्टवर दाबून धरणारा बिनडोक्याचा स्क्रू) आवळला की हब एका बाजूला ओढला जातो, तोही निम्म्या फटीने, आणि डायलवर तो दुप्पट दिसतो. आकडा तंतोतंत जुळला तेव्हा इतक्या आठवड्यांचं ओझं उतरलं. काकांचा त्यात काही दोष नाही, मायक्रोमीटरचं माप मीच द्यायला हवं होतं. आता 5/8 चा इंची रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) विकत घेऊन ठेवलाय.

तिसऱ्या नगात दात कापायची भानगडच ठेवली नाही. 48 एमएमचे दोन हब, प्रत्येकात 8 एमएमच्या तीन डॉवेल पिना ठोकून बसवलेल्या, आणि मध्ये सहा भोकांची 12 एमएम जाड पीयूची चकती, कडकपणा 90 शोअर ए (रबराचा कडकपणा मोजायचं माप). तीन भोकांत इकडच्या पिना, उरलेल्या तीनमध्ये तिकडच्या. पिना 16 एमएम त्रिज्येच्या वर्तुळावर आहेत, त्यामुळे कंपास 16 वरच ठेवून वर्तुळावर चालवला की बरोबर सहा खुणा पडतात. डिव्हायडिंग हेड (वर्तुळाचे सारखे भाग पाडणारं साधन) लागत नाही.

ताकदीचा हिशोब: 1 एचपी मोटर, 1000 आरपीएमला साधारण 7 न्यूटन मीटर टॉर्क. तो तीन पिनांवर वाटला की प्रत्येकीवर सुमारे 150 न्यूटन, म्हणजे पंधरा किलोच्या आसपास. पीयूला ते सहज झेपतं.

पीयूला भोक पाडणं हे मात्र चिवट काम. ड्रिल आत जातं, माल बाजूला सरतो आणि भोक लहानच राहतं. चकती रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली, सकाळी काढल्या काढल्या धारदार ड्रिलने पाडली, तेव्हा कडा स्वच्छ आल्या. दोन भोकांनंतर ती ऊब धरते, मग पुन्हा आत ठेवायची. आईने फ्रीजरमध्ये एक कप्पाच मोकळा करून दिला.

बसवण्याआधी यावेळी अलाइनमेंटही तपासली. डायल मोटरकडच्या हबवर बांधून बॅन्डसॉच्या हबभोवती फिरवलं, एकूण फरक 0.9. म्हणजे दोन शाफ्टांच्या मध्यात 0.45 चं अंतर. नेहमीच्या जॉ कपलिंगला (पहिल्या दोन नगांसारख्या दात-स्टारच्या कपलरला) साधारण 0.38 पर्यंतच चालतं, तेव्हा दुसरा नग चांगल्या बोअरनेही फार टिकला नसता. बॅन्डसॉ खाली होता. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा जवळपास 0.1 चा असतो, त्याच्या चार पट्ट्या बुडाखाली सरकवल्या. आता फरक 0.12 वर आहे.

रंध्याचा हब अजून व्हायचाय. त्याचा शाफ्ट काल मायक्रोमीटरने मोजला: एका टोकाला 15.86, ग्रब स्क्रूने खाल्लेल्या जागी 15.79. आधी ती जागा बफ करून खरडे काढायचे आणि हब चांगल्या टोकाकडे सरकवून धरता येतो का ते पाहायचं.