अहवाल कोरा, एचबीए२ मात्र ५.४

जोडपं आमच्या प्रयोगशाळेत आलं तेव्हा बाईंना दहावा आठवडा सुरू होता. नवऱ्याचं एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार, एरवी रक्तात थोडाच असतो) ५.१ टक्के, बाईंचं ५.४. हा आकडा ३.५ च्या वर आणि तांबड्या पेशी लहान, म्हणजे दोघंही थॅलेसेमिया मायनर: जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली, स्वतः फारसे आजारी नसलेले वाहक. अशा जोडप्याचं मूल मेजर, म्हणजे दोन्ही प्रती बिघडलेलं, असण्याची शक्यता चारात एक असते, आणि मेजरला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवणं, तेही आयुष्यभर. गर्भाची तपासणी करायची तर आई-बाप दोघांच्या बीटा-ग्लोबिन या हिमोग्लोबिन घडवणाऱ्या जनुकात बिघाड नेमका कुठे आहे ते आधी कळायला हवं. नवऱ्याचा सापडला होता: आयव्हीएस-१-५, एका अक्षराचा बदल, भारतात सर्वांत जास्त दिसणारा. बाईंचा मात्र दुसरीकडून केलेल्या सीक्वेन्सिंगचा (जनुक अक्षर-अक्षर वाचण्याचा) अहवाल होता, 'बदल आढळला नाही.'

"मॅडम, म्हणजे हिच्याकडून काही धोका नाही ना?" नवऱ्याने विचारलं. त्याच्या जिवात जीव आला होता. मला नाही म्हणावं लागलं. एवढं वाढलेलं एचबीए२ बीटा जनुकाकडेच बोट दाखवतं.

मी अहवालामागचे मूळ आलेख मागवून घेतले. हा जनुक लहान, जेमतेम १,६०० अक्षरांचा. सहसा दोन तुकड्यांत वाचतात. पहिल्या तुकड्यात काही ठिकाणी एकाच जागी दोन रंगांची शिखरं एकमेकांवर चढलेली होती. हे निरुपद्रवी फरक. आईकडची आणि बापाकडची अशा दोन्ही प्रती वाचल्या गेल्याची ती खूण. दुसऱ्या तुकड्यात असं एकही दुहेरी शिखर नव्हतं. सगळं कसं स्वच्छ, एकेरी. मला तिथेच शंका आली. एखाद्या प्रतीतून तो भागच गळालेला असेल, तर प्रायमरला, म्हणजे जिथून वाचन सुरू होतं त्या डीएनएच्या छोट्या तुकड्याला, चिकटायला जागा उरत नाही. पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढताना, फक्त धडधाकट प्रत वाढते आणि आलेख निर्दोष दिसतो. एका अक्षराची चूक सीक्वेन्सिंग पकडतं, पण नसलेलं पान त्याला दिसत नाही. विद्यार्थ्यांना मी म्हणूनच सांगते, किट उघडण्याआधी बदल कोणत्या जातीचा असू शकेल ते ठरवा आणि रुग्णाला त्याचं मूळ विचारा.

बाईंचं आडनाव मराठी, पण ते सासरचं. मी विचारलं, "माहेर कुठलं तुमचं?"

"कल्याणचं. बाबा मराठी, आई सिंधी. आजी-आजोबा फाळणीनंतर उल्हासनगरच्या कॅम्पात आले."

सिंधी आणि लोहाणा समाजात एक बदल वारंवार सापडतो: ६१९ अक्षरांचा सलग लोप. दुसऱ्या इन्ट्रॉनच्या (मधल्या, प्रथिनात न उतरणाऱ्या भागाच्या) शेवटाकडे सुरू होतो आणि तिसरा एक्झॉन (प्रथिनाची माहिती असलेला भाग) पूर्ण खाऊन जनुकाच्या शेवटापलीकडे जातो. त्यासाठी सीक्वेन्सिंग लागतच नाही. लोपाच्या दोन्ही बाजूंना बाहेर प्रायमर ठेवायचे, पीसीआर करायचा आणि डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर लांबी पाहायची; आखूड तुकडा खाली जातो.

बाईंचं रक्त नव्याने घेऊन त्याच दिवशी डीएनए काढला. संध्याकाळी जेल यूव्हीखाली धरलं. निरोगी नमुन्याच्या रांगेत वर एकच पट्टी. आधीच माहीत असलेल्या वाहकाच्या रांगेत दोन. बिनडीएनएची रांग कोरी, म्हणजे मिसळ झालेली नव्हती. आणि बाईंच्या रांगेत वरच्या पट्टीखाली, बरोबर ६१९ ने आखूड अशी दुसरी पट्टी, चांगली ठळक. आखूड तुकडा पीसीआरमध्ये जास्त सहज वाढतो. तरीही दुसऱ्या ट्यूबमधल्या रक्तावर सगळं पुन्हा केल्याशिवाय मी सही केली नाही. या कागदावरून एक गर्भ राहणार की नाही हे ठरणार होतं.

बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेतला. त्यात आईच्या पेशी मिसळलेल्या नाहीत हे आधी तपासलं. मग दोन्ही बदल शोधले. आयव्हीएस-१-५ होता, लोप नव्हता. बाळ वडिलांसारखंच मायनर. फोनवर सांगितलं तेव्हा बाई रडल्या, नवऱ्याने तेच वाक्य मला दोनदा म्हणायला लावलं.

मी त्यांना भावंडांबद्दल विचारलं. धाकट्या भावासाठी मुली पाहणं चालू होतं. त्याच्या आधीच्या तपासणीत फक्त 'हिमोग्लोबिन थोडं कमी' म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. पुढच्या आठवड्यात तो आईला घेऊन आला. दोघांच्याही रांगेत ती आखूड पट्टी होती. आता स्थळाचं बोलणं पुढे नेण्याआधी मुलीचं एचबीए२ पाहायचं, असं आईनेच ठरवलं.