कर्ण कुठून टाकायचा?

१९८७ साली, मी आठवीत असताना, शाळेचं मैदान मोजायची टूम आमच्या भूमितीच्या सरांनी काढली. मैदान धड चौकोनीही नव्हतं; नाल्याने एक बाजू कुरतडून त्याचे पाच कोपरे केले होते. फाटकापासून विहिरीपर्यंत सुतळी ताणली, भरली ६० मीटर. तिच्यावर प्रत्येक कोपऱ्यातून लंब टाकायचा. काटकोनासाठी सारख्या अंतरावर गाठी मारलेली दोरी, तीन-चार-पाचचा त्रिकोण.

डाव्या अंगाला एकच कोपरा, लंब १८ मीटर. म्हणजे ५४० चौरस मीटरचा त्रिकोण. नाल्याकडे दोन कोपरे: फाटकापासून १५ मीटरवर १२ मीटरचा लंब, ४५ मीटरवर २४ चा. टोकांना ९० आणि १८० चौरस मीटरचे काटकोन त्रिकोण, मधे समलंब चौकोन. तिथे मी माती खाल्ली. उंची म्हणून सुतळीवरचे ३० मीटर घ्यायचे सोडून नाल्याकाठची तिरकी बाजू घेतली, ३२.३ मीटर. सरांनी वही उंच धरून वर्गाला सांगितलं, "याने शाळेला एक वर्गखोली फुकट मिळवून दिली!" खरं उत्तर १३५० चौरस मीटर. माझे ४१ जास्त.

घरी वडिलांना हे सगळं खटाटोपाचं वाटलं. गावात समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची, दोन्ही सरासऱ्या गुणायच्या, ३३ फूट बाय ३३ फुटांचा एक गुंठा, झाला हिशेब. मी ते सरांना सांगितलं. त्यांनी काडेपेटीच्या चार काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडल्या आणि चौकोन हळूहळू दाबत नेला. बाजू त्याच, आतली जागा मात्र संपत आली! वडिलांचा हिशेब फक्त आयताला बरोबर. एरवी जागा जास्तच दाखवणार. विकणाऱ्याची चंगळ. वडील यावर काही बोलले नाहीत, पण पुढे धाकट्या काकांशी वाटणी झाली तेव्हा बांधावर दोरी आडवी, कर्णावरून धरायला मलाच बोलावलं.

त्याच वर्षी सहल चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला गेली. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, काढलेल्या मठाचा शिलालेख तिथला. आम्हाला माकडांत जास्त रस होता. सरांनी तेवढ्यात सांगून घेतलं की लंब किंवा कर्ण न सांगता चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणाऱ्याला भास्कराचार्यांच्या लीलावती या गणिताच्या ग्रंथात पिशाच म्हटलंय, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठं. महिनाभर वर्गात 'पिशाच' हीच शिवी होती.

मी इंजिनिअर वगैरे झालो नाही. फरशीची कामं घेतो. एल आकाराचा हॉल, त्यातून वजा खांब, पुढे अर्धगोल ओटा: रोजचं हेच. गिऱ्हाईक फोनवर चार भिंतींची मापं सांगतं, मी कर्ण विचारतो. पलीकडे शांतता. मनात एक शब्द येतो, तो गिळून टेप घेऊन स्वतःच जातो.

मागच्या दिवाळीत शाळेत आलो होतो. फाटक ते विहीर या रेषेवर आता प्रयोगशाळा उभी आहे, सुतळी सरळ जाणार नाही. मैदान पुन्हा मोजायचं तर मोजणीची मूळ रेषा नाल्याच्या काठाने धरावी लागेल आणि प्रयोगशाळेचा आयत शेवटी वजा करावा लागेल. दोरी माझ्याकडे आहे. आठवीतली चार पोरं द्या.