सव्वीस चौकोन आणि एक पाच

आईचा पहिला मराठी एसएमएस आला तेव्हा त्यात सव्वीस चौकोन होते आणि मधे एक इंग्रजी पाच. मोजलेत मी. आधी सात चौकोन, मग तीन, मग तो पाच, मग चार, सहा, सहा. २०११ची दिवाळी चार दिवसांवर आली होती. मी कोल्हापुरात, आई देवगडजवळच्या आमच्या गावी.

त्या दसऱ्याला मी सतरा हजारांचा अँड्रॉइड फोन घेतला होता. सहकारी बँकेतल्या क्लार्कने सतरा हजार फोनवर घालावेत का, यावर घरात जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. माझा जुना नोकिया आईला दिला. त्याच्या बटणांवर इंग्रजी अक्षरांच्या शेजारी क, ख, ग छापलेलं होतं. भाचीने आईला दोन दिवसांत टाइप करायला शिकवलं. गावच्या घरात रेंज नाही, विहिरीपाशी गेलं की दोन काड्या येतात. त्यामुळे बोलण्यापेक्षा मेसेज तिला सोयीचा. ओटीवर बसून निवांत लिहायचा आणि पाण्याला गेलं की सोडून द्यायचा.

म्हणजे माझ्या जुन्या, टाकाऊ फोनला मराठी येत होतं आणि नव्या सतरा हजारांच्या फोनला येत नव्हतं. त्यात अँड्रॉइड २.३ होतं, जिंजरब्रेड. त्या जिंजरब्रेडच्या पोटात देवनागरीचा फाँटच नव्हता. काही कंपन्या आपल्या पदरचा घालून द्यायच्या. माझ्या कंपनीने घातला नव्हता. फोन घेताना हे कोण बघतं? मी कॅमेरा बघितला.

तर ते सव्वीस चौकोन. पाच म्हणजे पाच तारीख असणार, असं मी ठरवलं. पाच नोव्हेंबरला काय आहे बरं? फोन लावला तर लागेना. दुसऱ्या दिवशी कळलं ते असं : आईने फराळाचा डबा पहाटे पाचच्या देवगड-कोल्हापूर गाडीच्या कंडक्टरकडे दिला होता. स्टँडवर कोणी घ्यायला आलं नाही म्हणून तो भला माणूस डबा तसाच परत घेऊन गेला. चकल्या दोनदा घाट चढून-उतरून आल्या.

तेव्हाच आईला सांगायला हवं होतं की बाई, मला तुझं अक्षर दिसत नाही. नाही सांगितलं. ‘मेसेज मिळाल्लो मां?’ असं तिने इतक्या कौतुकाने विचारलं, की ‘मिळाला, पण उशिरा बघितला’ म्हणालो. पुढचं जवळजवळ वर्ष त्या एका थापेवर काढलं.

वर्ष का, तर तोवर आइस्क्रीम सँडविच येणार होतं.

अँड्रॉइडच्या आवृत्त्यांना तेव्हा गोड पदार्थांची नावं असत, इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने. कपकेक, डोनट, एक्लेअर, फ्रोयो, जिंजरब्रेड, हनीकोम. यातला कपकेक सोडला तर आमच्या शाखेत कोणी काही खाल्लेलं नव्हतं. ४.० म्हणजे आइस्क्रीम सँडविच. गूगलने ते १९ ऑक्टोबर २०११ला हाँगकाँगमध्ये गॅलेक्सी नेक्सस या फोनबरोबर दाखवलं, म्हणजे आईच्या त्या मेसेजच्या दोनतीन दिवस आधी. बाकीचे लोक त्यातला नवा फाँट, चेहरा बघून उघडणारं कुलूप वगैरेवर बोलत होते. मी एका ओळीवर थांबलो होतो : यात देवनागरी दिसते.

१४ नोव्हेंबरला गूगलने त्याचा सोर्स कोड खुला केला आणि मला वाटलं, झालं, आता आठपंधरा दिवस. चेक क्लिअरिंगला बसणाऱ्या माणसाने तरी असं समजायला नको होतं. समोरच्याने चेक फाडून दिला म्हणजे पैसे खात्यावर आले असं थोडंच असतं? गूगलकडून कोड निघतो, मग चिप बनवणारी कंपनी आपल्या चिपसाठी ड्रायव्हर तयार करते, मग फोनवाली कंपनी त्याच्यावर आपली रंगरंगोटी चढवते, मग तपासणी, आणि त्यानंतर एकेका देशाच्या नावाने वेगळी फाइल निघते. तीही सगळ्यांना एका दिवशी नाही, टप्प्याटप्प्याने. मधल्या कुठल्याही खिडकीवर ‘साहेब जेवायला गेलेत’ होऊ शकतं.

त्याच वर्षी मे महिन्यात गूगलने आपल्या परिषदेत मोठमोठ्या कंपन्यांना बरोबर घेऊन जाहीर केलं होतं की नवीन फोनना बाजारात आल्यापासून १८ महिने अपडेट मिळत राहतील, हार्डवेअरला झेपलं तर. ते ‘झेपलं तर’ आम्ही वाचलंच नव्हतं.

आमच्या कंपनीची यादी आली. माझं मॉडेल त्यात होतं, खालून तिसरं. पुढे लिहिलं होतं, ‘दुसरी तिमाही, २०१२’.

आता बँकेत दुसरी तिमाही म्हणजे जुलै ते सप्टेंबर. आमचं वर्ष एप्रिलला सुरू होतं. पण कंपनी परदेशी, तिचं वर्ष जानेवारीपासून, म्हणजे एप्रिल ते जून. माझा शेजारच्या टेबलावरचा मित्र म्हणायचा, ‘भारतातल्या गिऱ्हाइकाला सांगतायत ना? मग आपलीच तिमाही धरायची.’ यावर आम्ही किती चहा घालवले असतील त्याला गणती नाही. कस्टमर केअरला विचारलं तर पलीकडून ‘सर, जल्द ही’. जल्द ही म्हणजे पहिली तिमाही का, असं मी मनात म्हटलं. हळूहळू मला त्यांच्या वाक्यांची पारख व्हायला लागली. ‘काम सुरू आहे’ म्हणजे सुरू नाही. ‘लवकरच कळवू’ म्हणजे त्यांनाच माहीत नाही. ‘आपल्या संयमाबद्दल आभार’ म्हणजे पुढे ढकललंय.

या मित्राकडे गॅलेक्सी एस टू होता. त्याचं आइस्क्रीम सँडविच मार्च २०१२मध्ये सुटलं, आधी पोलंड, हंगेरी, स्वीडन आणि कोरियात. तेव्हापासून त्याच्या तोंडी पोलंड. ‘पोलंडमध्ये बॅटरी लवकर उतरते म्हणतायत.’ जसा काही याचा चुलता तिथे राहतो. पुढे त्याच्या फोनवर आलं तेव्हा त्याने एक मराठी बातमी उघडून माझ्यासमोर धरली. अक्षरं लख्ख. मला तो फोन हातात घ्यावासाही वाटला नाही.

दरम्यान आईचे मेसेज येतच होते. आठवड्याला दोनतीन.

मी काहीच केलं नाही असं नाही. वाचायच्या पानांपुरता तोडगा सापडला होता. ऑपेरा मिनीमध्ये पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ टाइप करायचं आणि तळाशी ‘बिटमॅप फाँट्स फॉर कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ला येस करायचं. मग मराठी मजकूर अक्षरांऐवजी चित्र होऊन यायचा. त्या काळी मोबाइलवर मराठी ब्लॉग वाचणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तरी केलं असेल. पण एसएमएसला ऑपेरा काय करणार?

मग राजारामपुरीतल्या एका दुकानातल्या पोराने सांगितलं, ‘रूट करून, म्हणजे कंपनीचं आतलं कुलूप काढून, फाँट टाकून देतो, दोनशे रुपये.’ टाकला. चौकोन गेले, अक्षरं आली, पण जत्रेत चुकल्यासारखी. फाँट बसला तरी अक्षरं जुळवायची अक्कल सिस्टिमलाच नव्हती. ऱ्हस्व वेलांटी आपलं व्यंजन सोडून शेजाऱ्याच्या डोक्यावर. जोडाक्षरं सगळी फुटलेली, प्रत्येक अर्ध्या अक्षराचा पाय मोडलेला. ‘स्थिती’ हा शब्द जो काही दिसला, तो आमच्या शाळेतल्या गुरुजींनी बघितला असता तर हातावर छडी बसली असती. तरी मी चालवून घेतलं असतं, पण दोन दिवसांनी फोन सुरू होता होता बंद पडायला लागला. परत दुकान, परत दोनशे, परत चौकोन. वर पोरगा म्हणाला, रूट केलेल्या फोनवर कंपनीचं अपडेट येताना अडतं, म्हणून सगळं पहिल्यासारखं करून दिलंय. जुने मेसेज तेवढे जपून परत टाकले त्याने, ते मात्र चांगलं केलं.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे मेसेज दुसऱ्याच्या फोनवर पाठवायचा आणि त्याला वाचायला सांगायचा. आमच्या शिपाईमामांकडे साधा नोकिया होता. दोन मेसेज त्यांनी वाचून दाखवले, नारळ आणि लाईट बिल. तिसरा त्यांनी काउंटरपलीकडून, चार खातेदार उभे असताना, खणखणीत आवाजात वाचला : ‘सूनबाय फोनार धड बोलणा नाय.’ तो उपाय तिथेच संपला.

मग उरला अंदाज. चौकोन आले की मोजायचे, आकडा असला तर धरून ठेवायचा आणि आईला फोन लावायचा. तिकडून ‘मेसेज बघलंस?’ आणि इकडून मी, ‘बघितला ना. मग, कसं काय मग त्याचं?’ कशाचं ते तिनेच सांगायचं. कधी सांगायची, कधी नुसतं ‘ता काय नाय रे’ म्हणून उडवून लावायची. महाशिवरात्रीला असाच एक मेसेज आला, बऱ्यापैकी लांब. मी फोन लावला, वाजून बंद झाला. परत लावला. चौथ्यांदा तिने उचलला, मागे प्रचंड गलका, आणि नुसतं ‘ठेव!’ म्हणून कट केला. दिवसभर मला सुचेना की काय झालं.

एप्रिल गेला, मे गेला. दर शनिवारी सेटिंग्ज, अबाउट फोन, सिस्टिम अपडेट, चेक नाऊ. एक हिरवी रेघ फिरायची आणि ‘युअर सिस्टिम इज अप टू डेट’. कोणी म्हणे तारीख एक दिवस पुढे करून बघा. कोणी म्हणे सिम काढून बघा. मी दोन्ही केलं, आंघोळ करून केलं असतं तरी चाललं असतं. जूनचे शेवटचे तीन दिवस राहिले आणि २७ तारखेला गूगलने ४.१ जाहीर केलं, जेली बीन. आमच्या पानात अजून सँडविच पडलं नव्हतं, तोवर पुढची पंगत बसली.

जुलैत मी बघणं सोडलं. जून संपला, त्यांची तिमाही संपली. मित्र मात्र म्हणत होता, ‘आपली अजून आहे.’

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, गणपतीला जायच्या सामानाची यादी करत असताना, वरच्या पट्टीत एक बाण दिसला. ‘सिस्टिम अपडेट अव्हेलेबल’. जुलै ते सप्टेंबर, दुसरी तिमाही. मित्राला फोन करून सांगितलं तर म्हणतो, ‘चहा कुणाचा?’

फाइल तीनशे एमबीच्या आसपास. माझ्या टू-जीवर ती अनंत चतुर्दशीपर्यंत उतरली असती. मेहुण्याकडे ब्रॉडबँड होतं, त्याच्याकडे जाऊन बसलो. बॅटरी पन्नास टक्क्यांच्या वर पाहिजे म्हणून आधी पाऊण तास चार्जिंग. मग पडदा काळा, पोट उघडलेला हिरवा रोबो, खाली सरकणारी पट्टी. मेहुण्याची बायको दोनदा जेवायला हाक मारून गेली. मग ‘अँड्रॉइड इज अपग्रेडिंग’, एकावन्नपैकी एक, एकावन्नपैकी दोन.

मी नवीन काही बघितलं नाही. थेट मेसेज उघडले.

आपण समजतो की चौकोन आले म्हणजे मजकूर गेला. तसं नसतं. मेसेज युनिकोडमध्ये पूर्ण आलेला असतो, फोनला फक्त तो काढून दाखवता येत नसतो. फाँट आल्याबरोबर अकरा महिन्यांचे सगळे मेसेज एकदम मराठी झाले. शंभराच्या वर होते. अगदी तळाशी पहिला : ‘फराळाचो डबो 5 च्या यष्टीन धाडलंय’. मी सवयीने चौकोन मोजले. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, सगळं सुटं धरलं की बरोबर सव्वीस.

मग वर वर येत गेलो. तांबडी गाय व्यायली होती, ते मला माहीतच नव्हतं. बाबांच्या चष्म्याचा नंबर वाढला होता. ‘पोस्टाच्या बुकाचा काय ता बघ’ असं तीनदा लिहिलं होतं, तीन वेगवेगळ्या महिन्यांत, आणि मी तिन्ही वेळा फोन करून ‘मग, कसं काय मग त्याचं?’ विचारलं असणार. तिला काय वाटलं असेल? पोस्टाचं काम त्या गणपतीत पहिल्याच दिवशी करून टाकलं. ‘सांगूचा लागला काय परत?’ म्हणाली. मी गप्प.

मराठीतून सगळा मेनू यायला पुढे लॉलिपॉप उजाडावं लागलं, २०१४चं. तोवर हा फोन माझ्याकडे नव्हता.

त्या रात्री मेहुण्याकडे जेवण गार झालं, पण मी महाशिवरात्रीच्या मेसेजपर्यंत पोचलो होतो. तो असा होता : ‘कुणकेश्वराच्या रांगेत आसय. लोकां गाऱ्हाणी घालतत. आता फोन करू नको.’