आधी लाल दोरी

गॅरेजचं दार हटून बसलं की माणूस पहिल्यांदा रिमोटचं बटण आणखी जोरात दाबतो. मग हात गाडीच्या खिडकीबाहेर काढून दाबतो. अंगठ्याच्या जोराचा रेडिओलहरींशी काही संबंध नसतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्या क्षणी कुणाला आठवत नाही. मग घरात पंचायत बसते आणि निकाल लागतो, ‘मोटर गेली.’

या निकालाशी माझं जुनं भांडण आहे. मोटर दिसते, आवाज करते, तिच्यावर दिवा लुकलुकतो, म्हणून आळही तिच्यावरच येतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. कारण दार उचलण्याचं खरं काम मोटर करतच नाही.

दोन गाड्या मावतील एवढ्या रुंद लोखंडी दाराचं वजन ७० ते १०० किलोंच्या घरात सहज जातं. छताला टांगलेली घरगुती मोटर बहुधा अर्ध्या-पाऊण अश्वशक्तीची. तिला तुम्ही ते सगळं वजन उचलायला लावलंत तर ती फार दिवस टिकणार नाही. वजन पेलते ती दाराच्या वर, आडव्या दांड्यावर बसवलेली जाड स्प्रिंग. दांड्याच्या दोन्ही टोकांना ड्रम असतात, त्यांवरून केबल खाली येते आणि दाराच्या खालच्या कोपऱ्यांना धरते. दार बंद असतं तेव्हा ही स्प्रिंग किल्ली दिलेल्या खेळण्यासारखी पूर्ण पिळलेली असते. दार वर जाऊ लागलं की तिचा पीळ सुटत जातो, म्हणजे जोर कमी होत जातो. पण हे दार आडव्या फळ्या जोडून केलेलं असतं, आणि त्याच वेळी त्याची एकेक फळी वळणावरून छतालगतच्या आडव्या ट्रॅकवर चढते आणि तिचं वजन ट्रॅकवर जातं. जेवढं ओझं हलकं होतं, तेवढाच स्प्रिंगचा जोर ओसरतो. हा हिशेब ज्याने जुळवला, त्याचं मला मोटर बनवणाऱ्यापेक्षा जास्त कौतुक आहे. इतिहासही याच क्रमाने गेला. अमेरिकेत सी. जी. जॉन्सन यांनी वर उचललं जाणारं दार आणलं १९२१ मध्ये, आणि विजेवर चालणारं यंत्र आलं १९२६ मध्ये. मधली पाच वर्षं लोक दार हाताने उचलत होते आणि त्यांचं काही अडत नव्हतं.

म्हणून तपासाची सुरुवात मोटरच्या पट्टीवरून लोंबणाऱ्या लाल दोरीपासून करावी. दार पूर्ण बंद असताना ती ओढायची. दार आणि मोटर यांची फारकत होते. मग दार हाताने कमरेएवढं उचलायचं आणि हळूच हात सैल करायचा. पकड सोडायची नाही, आणि पाय दाराखाली ठेवायचे नाहीत. दार तिथल्या तिथे थांबलं तर स्प्रिंग निर्दोष, संशयित मोटरच्या बाजूचा. दार खाली यायला लागलं तर स्प्रिंग थकलेली. आपोआप वर सरकलं तर स्प्रिंगला गरजेपेक्षा जास्त पीळ आहे. आणि मुळात उचललंच गेलं नाही तर ती तुटलेली असणार. एका मिनिटात अर्धं घोडं गंगेत न्हातं. मात्र दार उघडं असताना ही दोरी ओढू नये. स्प्रिंग तुटलेली असेल तर सगळं वजन एकदम खाली येतं.

तुटलेली स्प्रिंग ओळखायला वेगळं ज्ञान लागत नाही. वेढ्यांच्या मधोमध दोन-तीन बोटांची फट दिसते. त्याआधी कधीतरी गॅरेजमधून धाडकन आवाज आलेला असतो आणि घरच्यांनी मांजराला शिव्या दिलेल्या असतात. साध्या स्प्रिंगचं आयुष्य वर्षांत मोजत नाहीत, फेऱ्यांत मोजतात. साधारण १०,००० फेऱ्या, एकदा उघडणं आणि एकदा बंद होणं मिळून एक. दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर सात वर्षांच्या आसपास. ज्या घरात गॅरेज हाच येण्याजाण्याचा रस्ता झालेला असतो, तिथे हा हिशेब बराच आधी संपतो. दोन स्प्रिंगा असतील आणि एक तुटली तर दोन्ही बदलाव्यात. दुसरीनेही तेवढ्याच फेऱ्या मारलेल्या असतात.

मी घरातल्या बहुतेक वस्तू स्वतः उघडून पाहणाऱ्यांतला. पण इथे हात मागे बांधून उभा राहतो. सात फुटी दाराच्या स्प्रिंगला पाव-पाव वळशांचे तीसेक पीळ दिलेले असतात, आणि ते देण्या-सोडण्यासाठी मापाच्या भरीव लोखंडी सळ्या लागतात. त्यांच्या जागी स्क्रूड्रायव्हर घालणाऱ्यांचे किस्से हसण्यासारखे नसतात. केबल आणि दाराच्या खालच्या कोपऱ्यातला ब्रॅकेटही त्याच ताणाखाली असतो, म्हणून त्याचे बोल्टही ढिले करायचे नाहीत. काही दारांना दोन्ही ट्रॅकच्या वर लांब ताणल्या जाणाऱ्या स्प्रिंगा असतात. त्यांच्या पोटातून एक सुरक्षेची तार गेलेली आहे ना, एवढं नक्की बघावं. ती नसेल तर तुटलेला तुकडा कुठे जाईल याचा भरवसा नाही. आणि दार एका बाजूला कललेलं दिसलं तर केबल ड्रमवरून उतरली आहे असं समजून बटणाला हात लावू नये. ‘एकदा करून बघू’ या वाक्याने अशी दारं ट्रॅकबाहेर येतात.

मोटरच्या बाजूची दुखणी मात्र मजेची असतात, कारण ती बहुतेक वेळा दुखणीच नसतात.

दार उघडतं, पण बंद होत नाही. दोन वीत खाली येतं, थबकतं, परत वर जातं. दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून फार तर १५ सेंटिमीटरवर दोन डोळे बसवलेले असतात, एक किरण सोडणारा आणि एक घेणारा. दारांखाली सापडून मुलं दगावू लागली तेव्हा अमेरिकेत १९९३ पासून नव्या घरगुती यंत्रांना अशी काही सोय सक्तीची झाली. आता या डोळ्यांपुढे कोळ्याने जाळं विणलं, कुणाचा झाडू लागून एक डोळा तिरका झाला, की दार खाली यायला नकार देतं. खात्री करायची तर दाराखाली कुणी नाही हे पाहून भिंतीवरचं बटण दाबून धरायचं. बहुतेक यंत्रांत तसं धरून ठेवल्यावर दार मुकाट बंद होतं, आणि मग डोळेच दोषी ठरतात. फडकं फिरवायचं, डोळे एकमेकांसमोर आणायचे. ठरावीक वेळीच हा प्रकार होत असेल तर तिरपं ऊन घेणाऱ्या डोळ्यात शिरतंय का ते बघावं. त्याच्याभोवती पुठ्ठ्याची छोटी नळी बसवली की भागतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण या एका बिघाडासाठी राखून ठेवायला हरकत नाही.

दुसरा नमुना याहून लबाड. दार थेट जमिनीला टेकतं आणि लगेच उलटं फिरतं. इथे डोळ्यांचा दोष नसतो. दार कुठे थांबायचं ती हद्द जरा खाली सरकलेली असते, म्हणून मोटर जमिनीलाच अडथळा समजते. हद्दीचा स्क्रू किंवा बटण मोटरच्या पेटीवर असतं, ते किंचित फिरवायचं. फिरवून झालं की दाराखाली सुमारे चार सेंटिमीटर जाडीची फळी आडवी ठेवून दार बंद करून पाहावं. ती डोळ्यांच्या किरणाखाली राहते, त्यामुळे दार तिला टेकून परत फिरलं पाहिजे. नाही फिरलं तर दार रेटा जास्त लावतंय, आणि ते दुरुस्त होईपर्यंत दार हातानेच चालवावं.

रिमोटचंही तसंच. आधी सेल बदलावा. मग भिंतीवरच्या पट्टीवर कुलपाचं चित्र असलेलं बटण दाबलं गेलंय का पाहावं, त्याने सगळे रिमोट बाद होतात. पण माझं आवडतं प्रकरण दिव्याचं आहे. दार उघडतं, मोटरवरचा दिवा लागतो, आणि मग रिमोट ऐकेनासा होतो. पाच मिनिटांनी दिवा विझला की पुन्हा ऐकतो. काही एलईडी दिव्यांमधलं विद्युत मंडल रेडिओचा गोंगाट करतं आणि त्यात रिमोटची हाक बुडते. दिवा काढून पाहिला की उलगडा होतो. लोक यासाठी नवा रिमोट घेतात, तोही तसाच वागतो, आणि मग पुन्हा तोच निकाल, मोटर गेली.

कधी कधी मोटर खरंच जाते म्हणा. घुर्र आवाज येतो, दार ढिम्म. पेटीच्या आत-खाली पांढरी भुकटी दिसली तर आतलं नायलॉनचं दातेरी चाक झिजलं. पण ते का झिजलं? बऱ्याचदा स्प्रिंग थकल्यावर महिनोन्महिने तिचं ओझं या बिचारीने ओढलेलं असतं. नुसतं चाक बदललं तर नवंही त्याच वाटेने जाणार.

उरली कुरकुर. बिजागऱ्या, रोलरचे बेअरिंग आणि स्प्रिंगचे वेढे यांना सिलिकॉनचा फवारा किंवा पांढरं लिथियम ग्रीस द्यावं. ट्रॅकला काही लावू नये, तो नुसता पुसावा. तेलावर धूळ बसून तिथे राडा होतो. गंज सोडवायचा पातळ फवारा इथे चालत नाही, तो असलेलं ग्रीसही धुऊन नेतो. सैल नट आवळावेत. लोखंडी रोलरऐवजी नायलॉनचे घातले तर आवाज निम्म्याहून खाली आल्यासारखा वाटतो.

आणि शेवटी मिस्त्रीला फोन करायची वेळ आलीच, तर ‘दार चालत नाही’ एवढंच सांगू नका. लाल दोरी ओढल्यावर दार कमरेपाशी थांबतं की पडतं, ते सांगा. त्याचा पुढचा प्रश्न दाराच्या रुंदी-उंचीचा असेल, तेव्हा टेप हाताशी ठेवा.