पट्टा आज घसरला नाही

गेल्या महिन्यात कोइंबतूरच्या करी ट्रॅकवर गाडी ६००० आरपीएमच्या पुढे गेली की सुपरचार्जरचा (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंप) बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, पडायचा. तो फिरवणारा बेल्ट नवा घातला, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर घट्ट केला, तरी तेच. जीव नुसता कासावीस!

आज कुर्ल्याच्या गॅरेजात चाचांनी बेल्ट काढून आतली बाजू माझ्या बोटाखाली धरली. काचेसारखी गुळगुळीत. पुलीभोवती रबराची काळी भुकटी. म्हणजे बेल्ट घसरत होता. मग पुल्यांवर सरळ पट्टी टेकवली, तर सुपरचार्जरची पुली दीड मिलिमीटर बाहेर! ती रेषेत आणली, आयडलर (बेल्टला वळण देणारी मोकळी पुली) सरकवून छोट्या पुलीवर बेल्टचा वेढा वाढवला. (नुसता ताण वाढवत गेलं की बेअरिंग मरतं, हे मला आधी कळायला हवं होतं.)

संध्याकाळी डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) तीन रन. बूस्टची रेघ शेवटपर्यंत सरळ. चाचांनी हात पुसले आणि दोन कटिंग सांगितले.